पावाचे त्रेचाळीस हजार काप आणि एक बादली पाणी

‘कुराशी नो तेचो’ या जपानी नियतकालिकाचं पहिलं शतक एकवीस वर्षांतच पुरं झालं. १९४८ च्या सप्टेंबरात पहिला अंक निघाला आणि १९६९ मध्ये शंभरावा. शंभर अंक म्हणजे एक शतक, असा तिथला हिशेब. त्यामुळे पुढच्या अंकावर १०१ हा आकडा आला नाही. ‘दुसरं शतक, अंक पहिला’ असं छापलं गेलं. ही मोजणी अजून चालू आहे आणि २०१९ पासून पाचवं शतक सुरू आहे.

नावाचा अर्थ अगदी साधा: रोजच्या जगण्याची टिपणवही. आत भाज्यांच्या कृती, जुन्या कपड्यांतून नवे कपडे बेतण्याच्या युक्त्या, घरच्या घरी फळी कशी ठोकावी, मुलांचे मोजे किती धुण्यांत विरतात, असा मजकूर. इतिहासाच्या पुस्तकात अशा मासिकाला सहसा तळटीपही मिळत नाही. मला मात्र युद्धोत्तर जपान समजून घेताना सेनापतींच्या आणि पंतप्रधानांच्या चरित्रांइतकंच हे मासिक महत्त्वाचं वाटतं. युद्ध स्वयंपाकघरात कसं शिरतं आणि त्याला उंबऱ्यावर अडवायचं कसं, हा त्याच्या संपादकाचा आयुष्यभराचा प्रश्न होता. आणि तो प्रश्न त्यांना पुस्तकांतून पडलेला नव्हता.

घरसंसाराची मासिकं जपानला नवी नव्हती. हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०३ मध्ये पतीबरोबर ‘काटेइ नो तोमो’ सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी गृहिणींसाठी छापील जमाखर्चाची वही काढली. ‘काकेइबो’ नावाची ती वही पुढे जपानी घराघरांत पोहोचली. १९१७ मध्ये इशिकावा ताकेयोशी यांनी ‘शुफु नो तोमो’, म्हणजे ‘गृहिणीची मैत्रीण’, बाजारात आणली. १९३० च्या दशकात या मासिकांमध्ये पुरवण्यांची चढाओढ लागली. ‘शुफु नो तोमो’च्या १९३४ च्या जानेवारी अंकासोबत पंधरा पुरवण्या होत्या! पाककृतींची पुस्तकं, विणकामाचे नमुने, कपड्यांचे कागदी बेत असं काय काय त्यातून मिळे आणि वाचक स्त्रिया अंकाचं गाठोडं काखोटीला मारून घरी जात.

मग युद्ध आलं. कागद शिधापत्रिकेवर गेला, मासिकं एकामागून एक बंद पडली किंवा एकमेकांत विलीन झाली, आणि जी उरली त्यांची भाषा बदलली. वरणात काय घालावं हे सांगणाऱ्या पानांवर आता शत्रूचा द्वेष कसा करावा हे येऊ लागलं. १९४४ च्या डिसेंबरात ‘शुफु नो तोमो’च्या पानांवर अमेरिकनांना जिवंत सोडू नका अशा आरोळ्या छापलेल्या होत्या. ज्या मासिकाने गृहिणीला लोणचं मुरवायला शिकवलं त्याच मासिकाने हे सांगितलं, म्हणून तर ते ऐकलं गेलं. घरगुती मासिकावरचा विश्वास हा सरकारी फतव्यापेक्षा कितीतरी खोल असतो.

युद्धाच्या या प्रचारयंत्रणेत आतून काम केलेला एक माणूस म्हणजे ‘कुराशी नो तेचो’चे पुढचे संपादक हानामोरी यासुजी. जन्म १९११, गाव कोबे. तोक्योच्या शाही विद्यापीठात सौंदर्यशास्त्र शिकले आणि प्रबंधासाठी विषय घेतला माणसाच्या वेशभूषेचा. पोटासाठी एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत जाहिरातीचं काम धरलं. मग सैन्यात भरती होऊन मांचुरियात गेले, तिथे क्षयाने गाठलं म्हणून परत आले. १९४१ मध्ये ‘ताइसेइ योकुसानकाइ’ या सरकारपुरस्कृत संघटनेच्या प्रचार विभागात ते दाखल झाले. साऱ्या राष्ट्राला युद्धाच्या मागे उभं करणं हेच या संघटनेचं काम. १९४२ मध्ये वृत्तपत्रांच्या साथीने तिने घोषवाक्यांची स्पर्धा घेतली. जिंकेपर्यंत आम्हाला काही नको, अशा अर्थाचं वाक्य त्यातून निवडलं गेलं आणि जपानभर भिंतींवर लागलं. ते हानामोरींनी लिहिलेलं नव्हतं. पण ते लोकांच्या तोंडी बसवणाऱ्या विभागात ते होते, आणि हा भार त्यांनी पुढे कधी झटकून टाकला नाही. आपली चूक झाली हे ते मान्य करीत. पुन्हा फसायचं नाही आणि न फसणाऱ्या माणसांची संख्या वाढवायची, हा त्यावरचा त्यांचा उतारा होता.

१९४५ च्या ऑक्टोबरात, शरणागतीनंतर दोनच महिन्यांनी, पंचवीस वर्षांची एक मुलगी त्यांना भेटायला आली. ओहाशी शिझुको तिचं नाव. दहा वर्षांची असताना वडील वारले होते. थोरली म्हणून आईला आणि दोन धाकट्या बहिणींना तूच सांभाळ, असं जाताना तिला सांगून गेले होते. तिने बँकेत नोकरी केली, मग ‘निहोन दोकुशो शिम्बुन’ या ग्रंथविषयक वृत्तपत्रात. तिथले संपादक हानामोरींचे शाळासोबती. त्यांनीच तिला हानामोरींचं नाव सुचवलं. तिचं म्हणणं असं होतं की युद्धामुळे माझ्यासारख्या मुलींना काही पाहायला, शिकायला मिळालंच नाही. मला जे हवं आहे तेच त्यांनाही हवं असेल, म्हणून त्यांच्यासाठी काहीतरी प्रकाशित करायचं आहे. हानामोरींनी होकार दिला. लोकांना आपलं रोजचं जगणं जिवापाड मोलाचं वाटलं असतं तर ते युद्धाच्या हवाली करायला ते इतक्या सहज तयार झाले नसते, असं त्यांचं मत बनलं होतं. पुढची बत्तीस वर्षं ते या एका मतावर जगले.

सुरुवात कपड्यांपासून झाली. १९४६ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात एका खोलीत ‘इशो केंक्युजो’, म्हणजे वेशभूषा संशोधन केंद्र, थाटलं. नाव मोठं होतं. माणसं मात्र शिझुको, त्यांच्या दोन बहिणी, हानामोरी आणि एखाददुसरा सहकारी एवढीच. शहर जळून गेलेलं, कापड मिळत नव्हतं, पण पेटीच्या तळाशी आईचे किमोनो होते. किमोनो मुळात सरळ पट्ट्यांचा असतो. तेव्हा त्याला वेडीवाकडी कात्री न लावता सरळ रेघेतच कापून अंगभर नेटका पोशाख शिवायचा, असा बेत हानामोरींनी काढला. शिवणयंत्र नसलं तरी चालेल, साचा नसला तरी चालेल. ही ‘स्टाइल बुक’ पुस्तिका निघताच पोस्टाने पैसे येऊ लागले. पाठोपाठ नकला निघाल्या, खप घसरला आणि मग कपड्यांपुरतं न थांबता अन्न आणि घर यांनाही कवेत घेणारं नियतकालिक काढायचं ठरलं.

वितरकांना नाव पसंत पडेना. ‘कुराशी’ म्हणजे जगणं, संसार, पोटापाण्याची ओढाताण. हा शब्दच उदास, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नावाच्या आधी ‘सुंदर’ हे विशेषण जोडलं. बाविसाव्या अंकाला ते काढून टाकलं. तोवर लोकांना ‘कुराशी’ पुरेसं सुंदर वाटू लागलं होतं. पहिल्या अंकाच्या दहा हजार प्रती छापल्या, किंमत ११० येन. त्या पाठीवरच्या पिशव्यांत भरून शिझुको आणि मंडळी आगगाडीने गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत गेली. अंक त्रैमासिक होता. मुखपृष्ठ हानामोरींनी स्वतः रंगवलेलं, आणि मृत्यूपर्यंत प्रत्येक मुखपृष्ठ त्यांनीच केलं. आत काढलेली चित्रं, मथळ्यांची अक्षरं, पानाची मांडणीही त्यांचीच. या धिप्पाड, केस कुरळे करून घेणाऱ्या संपादकाविषयी तो स्कर्ट घालून हिंडतो अशी आख्यायिका गिंझात पसरली होती. कपडा ही माणसाची निवड आहे, सरकारची किंवा रूढीची नव्हे, असं मानणाऱ्याविषयी अशा कथा उठणारच.

१९४९ च्या पाचव्या अंकाने मासिकाला तारलं. सम्राट हिरोहितो यांची थोरली कन्या हिगाशिकुनी शिगेको १९४७ मध्ये राजघराण्यातून बाहेर पडून सामान्य नागरिक झाली होती. तिलाही शिध्याच्या रांगेचं अन्न पुरत नव्हतं. शिझुको तिच्याकडे गेल्या आणि तिच्या संसाराची हकिकत लिहून घेऊन आल्या. तोंडमिळवणीची नोंद, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. चार वर्षांपूर्वी ज्या घराण्याकडे मान वर करून पाहायची सोय नव्हती, तिथली मुलगी मीठमसाल्याचा हिशेब सांगते आहे, हे वाचून लोकांनी अंक उचलून नेला.

या मंडळींच्या कामाची पद्धत पाहिली की त्यांचा हट्ट कळतो. पाककृती नामवंत आचाऱ्याकडून यायची. पण ती छापण्याआधी स्वयंपाक न येणारा कार्यालयातला कुणी पुरुष केवळ मजकूर वाचून तो पदार्थ करून पाहायचा. बिघडला तर चूक मजकुराची, त्याची नाही. मजकूर पुन्हा लिहायचा. वाक्यं अशी हवीत की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही वाचताच कळावीत, असा दंडक होता. मला हा संपादनाचा सर्वांत प्रामाणिक नियम वाटतो. जड भाषेत काय काय खपवता येतं हे घोषवाक्यांच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक होतं.

आणि जाहिराती नाहीत. एकही नाही, पहिल्या अंकापासून. यामागे दोन कारणं. एक, पानाचा कुठलाही कोपरा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची हानामोरींची तयारी नव्हती. दुसरं कारण १९५४ मध्ये उघड झालं. त्या वर्षीच्या सव्विसाव्या अंकात मुलांच्या मोज्यांची कसोटी घेतली होती. बाजारातून मोजे विकत आणायचे, मुलांना घालायला द्यायचे, धुवायचे, पुन्हा घालायचे, कुठे विरले, कुठे रंग गेला ते नोंदवायचं, आणि कंपनीच्या नावासकट छापायचं. कंपनीने दिलेला नमुना घ्यायचा नाही. गिऱ्हाईक जिथून घेतं त्याच दुकानातून, स्वतःच्या पैशाने आणायचा. तोक्योच्या आझाबू भागात यासाठी वेगळी वास्तू होती. बाहेरून कार्यालय, आत स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा.

मोज्यांनंतर काड्यापेट्या, पेन्सिली, इस्त्र्या, विजेचे दिवे आले. बाबागाड्यांची परीक्षा घेताना त्यात वजनदार बाहुली बसवून माणसांनी त्या शंभर किलोमीटर ढकलत नेल्या. १९६९ च्या नव्व्याण्णवाव्या अंकात टोस्टर आले. त्यासाठी पावाचे ४३,०८८ काप भाजले गेले आणि भाजलेल्या कापांच्या ढिगाचं छायाचित्र छापलं. इतके कशाला, असं कुणालाही वाटेल. पण घरातला टोस्टर रोज सकाळी चालतो आणि पहिल्या आठवड्यात सगळेच टोस्टर चांगले असतात. तो तीन-चार वर्षांनी कसा वागेल हे सांगायचं तर तेवढ्या सकाळी कुणीतरी आधी जगून दाखवाव्या लागतात. हे काम फार कंटाळवाणं आहे, आणि नेमक्या याच कंटाळ्यापोटी ते कुणी करत नव्हतं.

सगळ्यांत गाजली ती रॉकेलच्या शेगडीची गोष्ट. जपानी लाकडी घरं, कडाक्याची थंडी, आणि खोली उबदार करायला रॉकेलवर जळणारा हीटर. १९६० मध्ये मासिकाने बाजारातले असे हीटर तपासले. देशी मालावर कडक ताशेरे ओढले आणि पहिला क्रमांक ब्रिटनच्या अलॅडिन कंपनीच्या ‘ब्लू फ्लेम’ला दिला. परदेशी मालाची भलावण केल्याचा आरोप सहन केला, पण निकाल बदलला नाही. पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा कसोट्या झाल्या आणि देशी कारखानदारांनी आपला माल सुधारला, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं.

भूकंपाच्या देशात असा हीटर कलंडतो आणि घर पेटतं. अशा वेळी करायचं काय? अग्निशमन दल शिकवत होतं: आधी घोंगडी टाकून ज्वाळा दाबा, मग पाणी. तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मासिकातल्या मंडळींनी मात्र हीटर कलंडवून पाहिले, आग लावून पाहिली, आणि पुन्हा पुन्हा एकच आढळलं: उलटलेल्या हीटरची कोवळी आग बादलीभर पाण्याने सरळ विझते. घोंगडी शोधायला धावण्यात जी मिनिटं जातात त्यात मात्र घर जातं. १९६८ च्या प्रारंभी हे छापून येताच तोक्योच्या अग्निशमन दलाने हरकत घेतली. जपानीत कधीच न संपणाऱ्या भांडणाला ‘मिझुकाके-रोन’, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवत केलेला वाद, म्हणतात. इथे तर वादच पाण्याचा! वृत्तपत्रांना आयता शब्द मिळाला. पण हा वाद संपला. फेब्रुवारीत सरकारच्या अग्निसंशोधन संस्थेने सर्वांसमक्ष प्रयोग केला, आग पेटवली, पाणी टाकलं, आणि आग विझली.

एका घरगुती मासिकाने सरकारी यंत्रणेचं म्हणणं खोटं ठरवलं, ते मोर्चा काढून नव्हे तर बादली भरून. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच देशात वरून आलेलं प्रत्येक वाक्य लोकांनी न तपासता गिळलं होतं, आणि ते गिळायला लावणाऱ्यांत या मासिकाचा संपादक होता. म्हणून मी या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहू शकत नाही. सांगितलेलं खरं आहे का, हे स्वतःच्या अंगणात करून पाहण्याची सवय लागली असती तर १९४१ साली जपानचं काय झालं असतं, हा प्रश्न त्या बादलीत आहे.

हानामोरी स्वतः तर म्हणत की या कसोट्या ग्राहकासाठी नाहीतच, माल तयार करणाऱ्यासाठी आहेत. दुकानात फक्त चांगलाच माल आला तर बिचाऱ्या गृहिणीला ‘शहाणं गिऱ्हाईक’ होण्याचा शीण कशाला? ग्राहकाला जागरूक राहा असा उपदेश करणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. कारखानदाराला लाज वाटेल असं काम करणारे थोडे.

त्याच १९६८ सालच्या उन्हाळ्यात ९६ वा अंक आला. त्यात पाककृती नव्हत्या, शिवण नव्हतं, कसोट्या नव्हत्या. सगळा अंक एकाच विषयाला दिलेला: युद्धकाळातलं जगणं, वाचकांच्या शब्दांत. मासिकाने आवाहन केल्यावर १,७३६ लेख आले होते. लढायांच्या हकिकती नकोत. तुम्ही काय खाल्लं, काय नेसलं, मुलांना कुठे धाडलं, शहर पेटलं त्या रात्री हातात काय घेऊन पळालात, ते लिहा. लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी शाळा सुटल्यापासून पत्रापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. त्यांची वाक्यं अडखळतात, तरी हानामोरींनी ती घासूनपुसून गुळगुळीत केली नाहीत. भाजीवाल्याला कळेल असं लिहा म्हणणाऱ्याने आता भाजीवाल्यालाच लिहितं केलं होतं. माझ्या लेखी हा अंक म्हणजे या मासिकाच्या इतिहासाचं शिखर.

दोन वर्षांनी त्यांनी ‘दीड सेनचा झेंडा’ हा निबंध लिहिला. साधं पोस्टकार्ड एके काळी एक सेन पाच रिनला, म्हणजे येनच्या किरकोळ अंशाला, मिळे, आणि तेवढ्यात भरतीचं बोलावणं धाडता येतं असं म्हटलं जाई. घोडा त्या किमतीत मिळत नाही, शिपाई मिळतो, असं सैन्यात नव्या जवानांना ऐकवलं जाई. हानामोरींनी ती किंमत स्वतःच्या कानांनी ऐकली होती. तीच दीड सेनची माणसं आता सरकारला आणि कंपन्यांना ठणकावून नको म्हणतील, अशी त्या लेखाची मागणी होती. आणि त्यांचा झेंडा म्हणून त्यांनी जुन्या चिंध्यांची गोधडी शिवून घेतली. याच नावाच्या त्यांच्या पुस्तकाला योमिउरी साहित्य पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. १९५८ मध्ये हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मानकऱ्यांत आपले विनोबा होते.

तोवर मासिकांचं जग पालटलं होतं. १९७० मध्ये ‘आन-आन’ आलं, पुढच्या वर्षी ‘नोन-नो’. गुळगुळीत रंगीत पानं, पॅरिसचे कपडे, आणि प्रवास. ही मासिकं हातात धरून क्योतोच्या गल्ल्यांत हिंडणाऱ्या मुलींना ‘आन-नोन टोळी’ असं नाव पडलं. १९७६ मध्ये ‘पोपाय’ने शहरी तरुणांना कॅलिफोर्निया दाखवला. एकट्याने आगगाडीत बसणाऱ्या त्या मुली मला आवडतात; त्यांनाही त्यांचं स्वातंत्र्य हवंच होतं. पण त्या पानांवर लेख कुठे संपतो आणि दुकान कुठे सुरू होतं हे सांगणं कठीण झालं. ‘कुराशी नो तेचो’चा खप याच काळात दहा लाखांच्या घरात पोहोचला होता, हे त्यामुळेच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हानामोरींना १९६९ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तरी काम सुटलं नाही. १४ जानेवारी १९७८ रोजी ते गेले. ओहाशी शिझुको त्यानंतरही कितीतरी वर्षं मासिक सांभाळत राहिल्या आणि २०१३ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी वारल्या. २०१६ मध्ये एनएचके या जपानी दूरचित्रवाणीने त्यांच्या आयुष्यावर बेतलेली ‘तोतो नेचान’ ही मालिका रोज सकाळी दाखवली. वाचकांनी लिहिलेला युद्धकाळाचा तो अंक १९६९ मध्येच पुस्तकरूपाने आला आणि अजूनही छापला जातो. मासिक दर दोन महिन्यांनी निघतं, आणि त्यात बाहेरची जाहिरात आजही नसते.